सारंगखेडा ते तोरणमाळ, घोड्याच्या पाठीवरून

मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या दिवशी, तापीकाठच्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा सुरू होते आणि सोबत घोडेबाजारही भरतो. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरे असे घोडे दूरदूरहून येतात. सौदा झाला की ते गाडीत चढतात आणि जातात. पण इथून पुरुषोत्तमनगर-शहाद्याचा ऊसपट्टा ओलांडून, सातपुडा चढून तोरणमाळपर्यंत घोड्यावरून जाण्यासारखा प्रवास या भागात दुसरा नाही. अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास. जायला तीन दिवस, वर एक दिवस विसावा आणि उतरायला पुन्हा तीन दिवस धरावेत.

गाडीने दोन-अडीच तासांच्या वाटेला तीन दिवस का, असे कोणीही विचारेल. घोडा चालीने तासाला सहा-सात किलोमीटर जातो. एखाद्या दिवशी तो पन्नासही काढेल. प्रश्न दुसऱ्या दिवशीच्या सकाळचा आहे. पाठ, पोट आणि खूर या तीन जागा शाबूत राहिल्या तरच पुढचा मुक्काम गाठता येतो. म्हणून रोज पंचवीस किलोमीटर, अधूनमधून थोडी दुडकी आणि दर तासाला दहा मिनिटे उतरून पायी चालणे, हा हिशेब बरा.

बाजारात आजच घेतलेला घोडा या वाटेला लावू नये. तो शेकडो किलोमीटर ट्रकमध्ये उभा राहून आलेला असतो. त्याचे पाणी, चारा आणि माणसे सगळेच बदललेले असते. आधी त्याला घरी रुळू द्यावे. ग्लँडर्सची तपासणी झाली आहे का ते पाहावे, कारण हा रोग माणसालाही होतो आणि लागण झालेला घोडा वाचवता येत नाही. धनुर्वाताची लसही टोचलेली हवी. प्रवासाला आपल्या सवयीचा, निदान महिनाभर रोज फिरवून तयार केलेला घोडा घ्यावा. स्वार, खोगीर आणि सामान मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. साडेतीनशे किलोच्या घोड्यावर सत्तर किलो म्हणजे सगळे धरून सत्तर. अंथरूण-पांघरूण, चंदी आणि भांडीकुंडी मागून गाडीने आलेली बरी.

नाल निघायच्या आठवडाभर आधी मारून घ्यावी. ताजा खिळा आत टोचत असेल तर तेवढ्या दिवसांत घोडा लंगडून सांगतो.

खोगिरासाठी यात्रेतली दुकाने धुंडाळायला हरकत नाही, फक्त घुंगरू-गोंड्यांवर भाळू नये. खोगीर पाठीवर ठेवल्यावर खांद्यामागच्या उंचवट्यावर दोन-तीन बोटे जाईल इतकी पोकळी हवी आणि कण्यावर कुठेही टेकायला नको. तंग आवळण्याआधी खालची गादी पुढून थोडी वर ओढून घ्यावी, म्हणजे कातडी ताणली जात नाही. दहा मिनिटे चालून पुन्हा तंग तपासावा, कारण घोडे सुरुवातीला पोट फुगवून धरतात. संध्याकाळी खोगीर उतरवले की पाठ नीट पाहावी. घाम सगळीकडे सारखा असेल तर उत्तम. घामाच्या मधोमध कोरडा ठिपका दिसला तर तिथे दाब पडतो आहे. तळहात फिरवून तिथे गरम लागले किंवा गाठ हाताला आली, तर दुसऱ्या दिवशी त्या पाठीवर बसायचे नाही. स्वार पायी चालेल, नाहीतर मुक्काम वाढेल. याला पर्याय मला तरी माहीत नाही.

पहिला मुक्काम पुरुषोत्तमनगरच्या परिसरात करता येतो. पी. के. अण्णा पाटलांच्या पुढाकारातून उभा राहिलेला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना इथलाच आणि यात्रेचे दिवस म्हणजे गळीत हंगाम. रस्त्यावर उसाने लादलेल्या ट्रॉल्या, ट्रक आणि बैलगाड्यांची रीघ असते. शक्य तिथे शिवाररस्ता धरावा आणि दिवस मावळायच्या आत थांबावे, कारण कडेला उसाने भरलेल्या गाड्या अंधारात दिसत नाहीत.

या पट्ट्यात चाऱ्याला तोटा नाही, आणि चूक होते ती इथेच. उसाचे वाढे कोणीही प्रेमाने पुढे टाकतो. त्यातले ऑक्झलेट शरीरातला चुना बांधून ठेवते, म्हणून वाढ्यांवर घोडा पोसू नये. कोवळ्या ज्वारीत विष असते, तिच्या वाटेला जाऊच नये. पपई-केळीच्या बागांच्या बांधावरचे गवत फवारणीचे असू शकते, तेव्हा मालकाला विचारल्याशिवाय लगाम सैल सोडू नये. घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलेले चुकीचे अन्न बाहेर काढायची सोय त्याच्याकडे नाही, म्हणून पोटशूळ जिवावर बेततो. ओळखीचा वाळला चारा सोबत ठेवावा, तोबऱ्यातली चंदी थोडी-थोडी द्यावी आणि चंदी खाल्ल्यावर तासभर तरी स्वारी करू नये. सकाळी लीद पडली का हे पहिल्यांदा बघायचे. घोडा चारा सोडून पोटाकडे वळून पाहू लागला, जमिनीवर लोळू लागला, तर पशुवैद्य बोलवायचा आणि प्रवास तिथेच थांबवायचा.

पाणी दिवसाला तीस-चाळीस लिटर लागते. तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये ही जुनी समजूत अजून ऐकू येते. लांब पल्ल्याच्या शर्यतींत मात्र घोड्यांना वाटेतच पाणी पाजतात. पिऊन झाले की त्याला चालते ठेवावे, एवढेच.

थकवा डोळ्यांना उशिरा कळतो, बोटांना लवकर. जबड्याच्या खालच्या कडेला बोट लावून नाडी मोजता येते. विसाव्यात मिनिटाला अठ्ठावीस ते चव्वेचाळीस ठोके असतात. थांबल्यावर वीसेक मिनिटांत ती साठाच्या आत आली नाही, तर त्या दिवशी पुढे जायचे नाही.

दुसऱ्या दिवशी शहाद्याहून राणीपूरच्या दिशेने सातपुड्याचा पायथा गाठायचा. इथून भाषा बदलते, पावरा आणि भिल्ल वस्त्या लागतात. अंगणात घोडा बांधायचा तर आधी विचारावे. जंगलातली वाट धरणार असाल तर वनखात्याशी बोलून घ्यावे.

तिसऱ्या दिवशी सातपायरी घाट. वर तोरणमाळ १,१०० मीटरहून उंच आहे, म्हणजे तापीकाठापासून जवळजवळ एक हजार मीटरची चढण. पहाटे निघावे, चढताना पुढे झुकून आयाळ धरावी आणि लगाम ढिला सोडावा. उभ्या डांबरी वळणांवर लोखंडी नाल घसरते. तिथे उतरून घोडा हाताने चालवलेला बरा. वर यशवंत तलावाचे पाणी आहे आणि थंडीही आहे, तेव्हा घामेजलेल्या घोड्याचे आधी अंग कोरडे करावे आणि मग लगेच झूल टाकावी.

चढण्यापेक्षा उतरणे घोड्याला जड. भार पुढच्या पायांवर येतो, खोगीर मानेकडे सरकते. दुमची लावून शक्य तेवढे पायीच उतरावे. मुक्कामाला पुढच्या पायांच्या शिरा हाताने चाचपून पाहाव्या आणि गरम लागल्या तर थंड पाणी सोडावे. घरी पोचल्यावर आठवडाभर त्याला खोगीर नको, मोकळे फिरू द्यावे.