घाई नको बॉस, पाळी तुमचीच आहे!

वर्धा-नागपूर अप-डाऊन करणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. सीट मिळताच झोपणारे आणि सीट मिळताच मोबाइल काढणारे. अस्मादिक दुसऱ्या पंथातले. जाऊन-येऊन दीडेकशे किलोमीटर, तेही रोज! सेवाग्राम मागे पडलं, सिंदी आली की माझ्या फोनची रेंज कधी दगा देईल, नेम नाही. ऑनलाइन गेमचा तिथेच निकाल. म्हणून माझा सध्याचा जोडीदार आहे ‘शॅटर्ड पिक्सेल डंजन’. अँड्रॉइडवर फुकट, जाहिराती नाहीत, खेळायला नेटही लागत नाही.

फंडा सोपा आहे. जमिनीखाली एकाखाली एक २६ मजले. आधी गटारं, मग तुरुंग, गुहा, बुटक्यांचं शहर आणि राक्षसांची दालनं. तळाशी एक ताईत, तो मिळवायचा. चित्रं जुन्या व्हिडिओ गेमसारखी ठोकळ्याठोकळ्यांची. पण नकाशा दर डावाला नवा! काल लाल बाटलीत औषध होतं, आज त्याच रंगात विषारी धूर असू शकतो. आणि मेलात, तर पुन्हा पहिल्या मजल्यावरून.

याचा खापरपणजोबा म्हणजे १९८० चा ‘रोग’. नावावर जाऊ नका, आजार नव्हे, इंग्रजीतला बदमाश! त्यात हिरो होता ‘@’ हे चिन्ह आणि राक्षस म्हणजे इंग्रजी कॅपिटल अक्षरं. पुढे २०१२ मध्ये ‘पिक्सेल डंजन’ आला. त्याचा सोर्स कोड खुला झाल्यावर इव्हान डेबेनहॅमने २०१४ मध्ये त्याचा ‘शॅटर्ड’ अवतार काढला आणि तो अजूनही त्यात भर घालतोय.

सगळ्यात सॉल्लिड गोष्ट म्हणजे पाळी. तुम्ही पाऊल टाकलं, तरच राक्षस पाऊल टाकतो. तिकीट तपासनीस आले, बॉसचा फोन आला, मोबाइल खुशाल खाली ठेवा. राक्षस थांबतो!

परवा शेजारच्या काकांनी विचारलंच, “काय रे बाबू, नुसता पाहूनच राहिला?”

“काका, विचार करून राहिलो.”

“मंग बुद्धिबळच म्हण नं!”

काका बरोबर बोलले. सापशिडीत सगळी मदार दानावर. इथे नशीब असतंच, पण हातात काय आहे ते बघून चाल आपणच ठरवायची.

टिकून राहायचे फंडे

• चार जण अंगावर आले, तर दारात किंवा बोळात उभे राहा. एकेकालाच भिडता येतं.

• अनोळखी बाटली शत्रू आसपास नसताना उघडा.

• चांगल्या वस्तू ‘पुढे लागतील’ म्हणून साठवू नका. मेल्यावर त्या कुणाच्याच नाहीत.

• जेवण जपून. उपासमार झाली की जीव कमी होतो.

ऑफिसात प्रत्येक मेलला ‘आत्ताच’ उत्तर हवं असतं. दिवसभर आपण दुसऱ्यांच्या पाळीने खेळतो. बुटीबोरी येईपर्यंत तरी कुणी घाई करत नाही, निर्णय माझा आणि परिणामही माझेच. ही चैन मला महिन्याच्या पासात मिळते. तुम्हीही एक डाव टाकून बघा. उतरायचं स्टेशन मात्र विसरू नका, गाडी काही तुमच्या पाळीची वाट बघत नाही!