दहा अजिंक्यपदं आणि चर्चमागचं मैदान

अमेरिकेत फुटबॉल म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते हेल्मेट घातलेले, खांद्यावर गाद्या बांधलेले धिप्पाड गडी आणि हातात धरून पळवायचा तो लांबुळका चेंडू. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला तिकडे सॉकर म्हणतात, आणि बेसबॉल, बास्केटबॉलच्या गर्दीत बरीच वर्षं त्याला कोणी फारसं विचारत नव्हतं. अशा देशातल्या एका कॉलेजने १९५९ ते १९७३ या पंधरा वर्षांत तब्बल दहा वेळा सॉकरचं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. हा विक्रम आजही कोणाला मोडता आलेला नाही. कॉलेजचं नाव सेंट लुईस युनिव्हर्सिटी.

आता तुम्ही म्हणाल, हॉस्टेलच्या मासिकात अमेरिकेतल्या कॉलेजचं कौतुक कशाला? त्याचं कारण असं. मी आपल्या कॉलेजच्या टीममध्ये लेफ्ट बॅक खेळतो. गेली दोन वर्षं आपण इंटरकॉलेजिएटच्या पहिल्याच राउंडला घरी आलो आणि दोन्ही वेळा मेसमध्ये एकच चर्चा झाली : “आपल्याला चांगला कोच नाही, चांगलं किट नाही, कॉलेज पैसे देत नाही.” त्याच सुमारास २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेच्या टीममधला टिम रीम नावाचा ३५ वर्षांचा डिफेंडर चारही मॅच पूर्ण वेळ खेळताना पाहिला. हा कुठून आला म्हणून शोधलं, तर तो सेंट लुईसचाच आणि याच कॉलेजात शिकलेला. मग वाचत गेलो, आणि जे हाती लागलं ते मेसमधल्या त्या चर्चेच्या अगदी उलटं होतं.

गाव कसं होतं?

सेंट लुईस हे मिसुरी राज्यातलं, मिसिसिपी नदीच्या काठावरचं शहर. युनिव्हर्सिटी जेझुइट फादरांची, स्थापना १८१८ सालची. तिच्या सगळ्या टीम्सना ‘बिलिकेन’ म्हणतात. बिलिकेन म्हणजे टोकदार डोक्याची, पोट सुटलेली, गालातल्या गालात हसणारी एक बाहुली. १९०८ च्या सुमारास अमेरिकेत ही बाहुली नशीब आणते म्हणून घरोघर घ्यायचं फॅड होतं. वाघ, सिंह, गरुड अशी नावं सोडून ढेरपोट्या बाहुलीचं नाव घेणारी टीम मला तरी दुसरी माहीत नाही!

या शहरात आयरिश, जर्मन, इटालियन, स्पॅनिश अशी माणसं कामधंद्यासाठी येऊन राहिली. त्यातले बरेच कॅथलिक. प्रत्येक वस्तीला एक चर्च, चर्चला लागून शाळा आणि शाळेमागे मैदान. एका चर्चखालच्या अशा वस्तीला पॅरिश म्हणतात. मी वसईचा आहे, आमच्याकडे याला ‘धर्मग्राम’ म्हणतात, त्यामुळे हे चित्र समजायला मला वेळ लागला नाही. चर्च, शाळा, मैदान आणि मैदानावर अंधार पडेपर्यंत आरडाओरडा, हे आमच्याकडेही आहे. गोव्यातसुद्धा फुटबॉल आणला तो एका आयरिश फादरांनीच. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी १८८३ साली शिवोलीला मुलांना हा खेळ शिकवला, असं तिथला इतिहास सांगतो.

सेंट लुईसमध्ये हे वेड किती जुनं आहे त्याचा एक पुरावा देतो. १९०४ चं ऑलिंपिक याच शहरात झालं. फुटबॉलमध्ये फक्त तीन टीम होत्या. सुवर्णपदक कॅनडातल्या गाल्ट क्लबने नेलं. उरलेल्या दोन्ही टीम सेंट लुईसच्या होत्या : एक ख्रिश्चन ब्रदर्स कॉलेजची आणि दुसरी सेंट रोझ पॅरिशची. म्हणजे ऑलिंपिकमध्ये चक्क एका गल्लीची टीम! मार बसला तो वेगळा (कॉलेजला ७–०, पॅरिशला ४–०), पण खेळल्या.

पुढे कॅथलिक युथ कौन्सिल नावाच्या संस्थेने या पॅरिशच्या टीम्सना एकत्र बांधलं. वयोगट पाडले, लीग सुरू केल्या. पहिली-दुसरीतला पोरगासुद्धा आपल्या पॅरिशचा शर्ट घालून शेजारच्या पॅरिशशी खेळायचा. शाळा सुटली की शहरातल्या क्लबात जायचा. आणि क्लब तरी कसले? एक टोप्या बनवणाऱ्या कंपनीचा, एक डिपार्टमेंट स्टोअरचा. ‘कुटिस’ हा सगळ्यात गाजलेला क्लब तर अंत्यसंस्काराची व्यवस्था करणाऱ्या दुकानाच्या नावाचा होता! या कुटिसने १९५७ साली अमेरिकेचा ओपन कप जिंकला होता.

कॉलेजने काय केलं?

या युथ कौन्सिलच्या खेळांचं काम पाहणारा एक माणूस होता, बॉब गेल्कर. शहरात कुठल्या मैदानावर कोण कसा खेळतो हे त्याला पाठ. १९५९ साली युनिव्हर्सिटीने सॉकरला आपल्या अधिकृत खेळांत घेतलं आणि गेल्करला कोच नेमलं. योगायोग असा, की अमेरिकेतल्या कॉलेजांचे खेळ चालवणारी एन.सी.ए.ए. ही संस्था त्याच वर्षी पहिल्यांदा सॉकरची राष्ट्रीय स्पर्धा घेत होती. आठ टीम होत्या. फायनलमध्ये सेंट लुईसने ब्रिजपोर्टला ५–२ ने हरवलं. पहिलं वर्ष, पहिली स्पर्धा, पहिलं अजिंक्यपद!

आपल्याला वाटेल, काय नशीब! पण नशिबाचा भाग एवढाच, की स्पर्धा त्याच वर्षी सुरू झाली. टीम पहिल्या वर्षाची होती, पण टीममधली पोरं एकमेकांशी आणि एकमेकांविरुद्ध दहा-दहा वर्षं खेळलेली होती. कोणाचा डावा पाय चांगला, कोण दमल्यावर मागे येत नाही, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. गेल्करने परदेशातून तर सोडाच, शेजारच्या राज्यांतूनही फारसं कोणाला आणलं नाही. जवळजवळ सगळी टीम त्याच शहरातली.

पुढचा हिशोब थोडक्यात देतो. १९६० मध्ये मेरिलंडवर ३–२. १९६१ मध्ये आपल्याच गावात वेस्ट चेस्टरकडून ०–२ अशी हार. १९६२ मध्ये परत मेरिलंड, ४–३. १९६३ मध्ये नेव्हीवर ३–० आणि १९६५ मध्ये मिशिगन स्टेटवर १–०. सात वर्षांत पाच अजिंक्यपदं मिळवून गेल्कर नदीपलीकडे इलिनॉय राज्यातल्या एडवर्ड्सव्हिलच्या कॉलेजात गेला. तिथे शून्यातून टीम उभी करून त्याने १९७९ साली त्यांनाही हेच अजिंक्यपद मिळवून दिलं. मधे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला अमेरिकेच्या टीमचा कोचही तोच होता.

पोस्टमन कोच

त्यानंतरचा कोच मला जास्त आवडला. हॅरी कीओ. जन्म याच शहरातला, १९२७ चा. नोकरी पोस्टात. १९५० च्या वर्ल्ड कपमध्ये ब्राझीलच्या बेलो होरिझोन्ते शहरात अमेरिकेने इंग्लंडला १–० ने हरवलं, ती मॅच बऱ्याच जणांनी ऐकली असेल. फुटबॉलमधला सगळ्यात मोठा धक्का म्हणतात तिला. गोल मारला तो मूळच्या हैतीच्या जो गेटजेन्सने. पण त्या अकरा जणांत पाच जण एकट्या सेंट लुईसचे होते : गोलकीपर बोर्गी, कोलंबो, पारियानी, वॉलेस आणि राइट बॅकला आपला हा पोस्टमन कीओ. पहिले चौघे तर ‘द हिल’ नावाच्या एकाच इटालियन मोहल्ल्यातले!

कीओ १९६७ ते १९८२ युनिव्हर्सिटीचा कोच होता. पहिल्याच वर्षी फायनल मिशिगन स्टेटशी. हवा इतकी खराब झाली की ०–० वर खेळ थांबवावा लागला आणि अजिंक्यपद दोघांना वाटून दिलं. पण पुढची चार त्याने कोणाला वाटू दिली नाहीत : १९६९ (सॅन फ्रान्सिस्कोवर ४–०), १९७०, १९७२ आणि १९७३ (तिन्ही वेळा यू.सी.एल.ए. वर). गेल्करची पाच आणि कीओची पाच, हिशोब बरोबर.

या काळातला सगळ्यात मोठा खेळाडू म्हणजे अल ट्रॉस्ट. कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूला ‘हर्मन ट्रॉफी’ देतात. ती त्याने १९६९ आणि १९७० अशी लागोपाठ दोनदा घेतली आणि १९७१ ला त्याच्याच टीममधल्या माइक सीरीने. ही ट्रॉफी ज्या बॉब हर्मनच्या नावाची आहे तोही सेंट लुईसचाच. आज युनिव्हर्सिटीच्या स्टेडियमलाही त्याचंच नाव आहे.

मग थांबलं का?

१९७३ नंतर आजपर्यंत या कॉलेजला एकही अजिंक्यपद मिळालेलं नाही. हा भाग वाचताना मला जास्त विचार करायला लागला.

पहिलं कारण वॉशिंग्टनच्या हॉवर्ड युनिव्हर्सिटीत दिसतं. हे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेलं जुनं, नावाजलेलं कॉलेज. त्यांचा कोच लिंकन फिलिप्स त्रिनिदादचा आणि टीममध्ये कॅरिबियन बेटांवरची, आफ्रिकेतली मुलं. १९७१ च्या फायनलमध्ये त्यांनी सेंट लुईसला ३–२ ने हरवलं. पण नंतर काही खेळाडूंच्या पात्रतेवरून एन.सी.ए.ए. ने ते अजिंक्यपद काढून घेतलं. रेकॉर्डमध्ये त्या वर्षाची जागा आजही रिकामी आहे. हॉवर्डच्या पोरांनी काय करावं? तीन वर्षांनी, १९७४ मध्ये, ते परत फायनलला आले. समोर पुन्हा सेंट लुईस आणि मॅचही सेंट लुईस गावातच. चार वेळा जादा वेळ खेळवावा लागला आणि हॉवर्ड २–१ ने जिंकलं. संपूर्ण सीझनमध्ये एकही हार नाही. खरं सांगायचं तर या लेखात सेंट लुईसचं कौतुक करत असूनही या मॅचमध्ये मी हॉवर्डच्या बाजूने आहे!

म्हणजे काय झालं, तर एका शहराच्या गल्ल्यांविरुद्ध आता अख्खं जग उभं राहिलं. बाकीची कॉलेजंही शिकली. १९५९ ला आठ टीमची असलेली स्पर्धा आज ४८ टीमची आहे.

दुसरं कारण खुद्द गावातलं. १९५० साली सेंट लुईस शहराची लोकसंख्या साडेआठ लाखांवर होती. २०२० च्या जनगणनेत ती उरली जेमतेम तीन लाख. माणसं उपनगरांत गेली. जुन्या वस्त्या रिकाम्या झाल्या, म्हणजे त्यांच्या पॅरिश रिकाम्या झाल्या, म्हणजे शाळांमागची मैदानंही रिकामी झाली. युनिव्हर्सिटीने काही चुकीचं केलं असं नाही. तिचा कारखाना चालू होता, पण कच्चा माल जिथून यायचा ते रान आटलं. आपल्या भाषेत सांगायचं तर आउटपुट कमी झाला म्हणून सगळे मशीनकडे बघत होते आणि प्रॉब्लेम इनपुटला होता.

तरी कार्यक्रम बंद पडला नाही. १९९१ आणि १९९७ ला टीम शेवटच्या चारांत गेली. १९९८ आणि २००२ अशा दोन वर्ल्ड कपमध्ये गोल मारणारा ब्रायन मॅकब्राइड इथलाच. आणि एक नाव मुद्दाम सांगतो : वेदाद इबिशेविच. बोस्नियातल्या युद्धानंतर हजारो बोस्नियन कुटुंबं सेंट लुईसला येऊन राहिली, त्यातलं एक याचं. तो या कॉलेजकडून एकच सीझन खेळला आणि युरोपला गेला. २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये बोस्नियाने आपल्या इतिहासातला पहिला गोल अर्जेंटिनाविरुद्ध मारला, तो त्याचा. म्हणजे आधी आयरिश, मग इटालियन, मग बोस्नियन. नवीन माणसं आली की खेळ परत जिवंत होतो, हे त्या गावाने पुन्हा एकदा दाखवलं.

आपलं काय?

आता मेसमधल्या चर्चेकडे वळू. चांगला कोच हवा, किट हवं, पैसे हवेत, हे सगळं खरंच आहे. पण सेंट लुईसची दहा अजिंक्यपदं कोचने आणि किटने सुरू झाली नाहीत. कोच आला तेव्हा टीम गल्लीगल्लीत तयार होती. कॉलेजने फक्त तिला गोळा केलं.

आपल्याकडे काय होतं? स्पर्धेला पंधरा दिवस उरले की नोटीस लागते, ट्रायल होते, अठरा जण निवडले जातात आणि त्यातल्या निम्म्यांना उरलेल्यांची नावं बसमध्ये कळतात. मग मॅचमध्ये मी ओव्हरलॅपला पुढे गेलो तर माझी जागा कोण भरणार, हे मलाही माहीत नसतं आणि त्यालाही!

आपल्याकडे पॅरिश नाहीत, पण हॉस्टेलचे ब्लॉक आहेत. ए, बी, सी आणि डी. प्रत्येक ब्लॉकची एक टीम, फर्स्ट इयरची पोरं धरून, आणि वर्षभर दर रविवारी एक मॅच. एवढंच मागतोय. खर्च दोन चेंडू आणि थोडा चुना. स्टाफमधले जे सर हा लेख वाचत असतील त्यांना एक विनंती, की फर्स्ट इयरच्या मुलांना पहिल्या सेमिस्टरला मैदानावर येऊ देत नाहीत तो नियम एकदा तपासून बघावा. लेफ्ट बॅक तयार व्हायला चार वर्षं लागतात आणि आपल्याकडे मुलगा असतोच चार वर्षं. त्यातलं पहिलं वर्ष बाहेर बसवून घालवलं तर उरलं काय?

दहा अजिंक्यपदं नकोत. दुसरा राउंड तरी बघू या.