कोष विणणाऱ्या अळीचे स्वभक्षण

रेशीम कीटकाची अळी अंड्यातून बाहेर पडल्यापासून साधारण २५ दिवसांत आपले वजन सुमारे दहा हजार पटींनी वाढवते. एकूण तुतीच्या पाल्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक पाला ती एकट्या पाचव्या अवस्थेत खाते. त्यानंतर तिचे खाणे कायमचे थांबते. ती दोन-तीन दिवसांत कोष विणते, कोषाच्या आत प्युपा होते आणि पुढे पतंग होऊन बाहेर येते. पतंग काहीही खात नाही; तरीही मादी साधारणतः चारशे ते पाचशे अंडी घालते. पंख, शृंगिका आणि अंडी यांसाठी लागणारा कच्चा माल येतो कोठून? तो अळीच्याच शरीरातून येतो. पेशी आपले जुने घटक स्वतःच मोडतात व पुन्हा वापरतात. या प्रक्रियेस स्वभक्षण म्हणजेच ऑटोफॅजी म्हणतात.

पेशीतील पुनर्वापर

पेशीत आंतर्द्रव्यजालिकेलगत प्रथम एक चपटे, वाटीसारखे पटल तयार होते. ते वाढत जाऊन जीर्ण तंतुकणिका, प्रथिनांचे गोळे व पेशीद्रव्याचा काही भाग यांना वेढते. कडा जुळल्या की दुहेरी पटलाची बंद पिशवी बनते. ही पिशवी पाचक विकरांनी भरलेल्या लयकारिकेशी एकरूप होते आणि आतील घटकांचे विघटन होते. त्यातून मिळणारी अमिनो आम्ले व मेदाम्ले पेशी पुन्हा वापरात आणते.

लयकारिकांचा शोध लावणारे क्रिस्तियाँ द ड्यूव्ह यांनी १९६३ मध्ये या प्रक्रियेला ऑटोफॅजी हे नाव दिले. पुढे जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टवर प्रयोग करून तिला चालविणारी जनुके शोधली. त्याबद्दल त्यांना २०१६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कीटकांचे योगदानही जुने आहे. लॉक व कॉलिन्स यांनी १९६५ मध्येच कॅल्पोडस या फुलपाखराच्या अळीच्या मेदपिंडात पटलांनी वेढले जाणारे घटक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले होते.

संप्रेरकांचा आदेश

अळीत हे काम केव्हा सुरू व्हावे, हे दोन संप्रेरके ठरवितात. बाल संप्रेरक अळीला अळीच ठेवते. पाचव्या अवस्थेत त्याची पातळी घसरते आणि एक्डायसोन या कात टाकण्याच्या संप्रेरकाची पातळी चढते. तेव्हा मेदपिंडात स्वभक्षणाची जनुके जोमाने कार्यान्वित होतात. कोष विणून झाल्यावर निरुपयोगी ठरलेली रेशीम ग्रंथीही स्वभक्षण व नियोजित पेशीमृत्यू यांद्वारे विरघळते. म्हणजेच पाचव्या अवस्थेत दिलेला सकस पाला रेशमाइतकाच पुढील पिढीच्या अंड्यांसाठीही भांडवल ठरतो. बीजकोष उत्पादकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

आदेश चुकल्यास

ही साखळी बाहेरूनही बिघडू शकते. इटलीच्या उत्तर भागात फळबागांवर फेनॉक्सिकार्ब या बाल संप्रेरकसदृश कीटकनाशकाची फवारणी होऊ लागल्यानंतर अळ्या कोष विणेनाशा झाल्या आणि तेथील रेशीम व्यवसायास मोठा फटका बसला. फवारा वाऱ्यासोबत तुतीवर जात होता. अळ्या लगेच मरत नव्हत्या; पाला खाऊन पुष्ट होत होत्या, परंतु रूपांतराचा आदेश त्यांच्या पेशींपर्यंत पोहोचत नव्हता.

आपल्याकडे पांढऱ्या माशीसाठी कापूस, वांगी अशा पिकांवर वापरले जाणारे पायरीप्रॉक्सिफेन याच गटातील आहे. रेशीम कीटक त्यास अत्यंत संवेदनशील आहेत. म्हणून पुढील काळजी घ्यावी :

- तुतीच्या बागेलगत बाल संप्रेरकसदृश कीटकनाशकांची फवारणी टाळावी. शेजारच्या शेतकऱ्यांशी संगोपन सुरू होण्यापूर्वीच बोलून ठेवावे.
- तुतीवर फवारा उडाल्याची शंका असल्यास तो पाला अळ्यांना देऊ नये.
- अळ्या एकाच वेळी पिकाव्यात यासाठी वनस्पतिजन्य एक्डिस्टेरॉइड वापरायचे असल्यास काही अळ्या नैसर्गिकरीत्या पक्व झाल्यानंतरच, शिफारशीनुसार द्यावे. घाईने दिल्यास अळीचे खाणे लवकर थांबते व कोष हलका भरतो.
- अळ्या चंद्रिकेवर चढत नसल्यास लक्षणे पडताळावीत. ग्रासरी रोगात त्वचा नाजूक होऊन दुधाळ द्रव पाझरतो. अळी निरोगी दिसते, खाते, मात्र मुदत उलटूनही विणत नाही, अशा वेळी आसपासच्या फवारण्यांची नोंद प्रथम तपासावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी प्रत्येक संगोपनगृहाच्या नोंदवहीत परिसरातील फवारणीची तारीख व औषधाचे नाव लिहिण्याची सवय शेतकऱ्यांना लावावी. कोष न विणणाऱ्या अळ्यांचे कारण शोधताना हीच नोंद सर्वाधिक उपयोगी पडते.