पाँचोची कमान

कन्नडजवळच्या गौताळ्याच्या डोंगरात भर पावसात मुक्काम करावा लागला तर? अंगावरचा पाँचो, म्हणजे मध्ये टोपी असलेला तो चौकोनी पावसाळी कपडा, निवारा होऊ शकतो. जोडीला हव्यात ओल्या बांबूच्या दोन कामट्या आणि सुतळी.

कामटी वाकवली की ती सरळ व्हायला धडपडते. ही धडपडच कापडाला ताणून धरते. पण इथला काळा बेसॉल्ट कामटीचे टोक आत शिरू देत नाही! मग धनुष्य करा: दोन्ही टोके सुतळीने जोडा. सुतळी किती लांब? पाँचो १४० सेंटिमीटर रुंद असेल आणि कमान अर्धवर्तुळाकार हवी असेल, तर २ × १४० ÷ ३.१४, म्हणजे सुमारे ८९ सेंटिमीटर. उंची तिच्या निम्मी. बसता येणार नाही, झोपता येईल.

एक कमान उशाशी, दुसरी पायथ्याशी उभी करून कापडाच्या कडा त्यांना बांधा. माथ्यांना बांधलेल्या दोऱ्या बाहेर ओढून जड दगडांना आवळा. कापडाला झोळ राहिला तर त्यात पाणी साचते, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझे! टोपीला पीळ देऊन घट्ट बांधा. दोन्ही तोंडे मात्र उघडी ठेवा. नाहीतर श्वासातली वाफ थंड कापडावर जमते आणि पाऊस थांबल्यावरही आत थेंब गळत राहतात.