मालकाच्या रानात डिस्क गोल्फ

डिस्क गोल्फमध्ये चेंडूऐवजी तबकडी असते आणि खळग्याऐवजी साखळ्या लावलेली लोखंडी बास्केट. टीवरून तबकडी फेकायची, ती पडेल तिथून पुढचा थ्रो करायचा आणि कमीत कमी थ्रोमध्ये बास्केट गाठायची. एड हेडरिक यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये या खेळाचा पहिला कायमस्वरूपी कोर्स उभारला, तो सार्वजनिक उद्यानात. अमेरिकेतले बहुतेक कोर्स आजही उद्यानांतच आहेत. त्यामुळे ‘हा खेळ फुकटचा, कुणीही यावं नि खेळावं’ हा समज रुजला. खासगी जमिनीवरच्या कोर्सवरही माणसं तोच समज घेऊन जातात. त्याचा त्रास वाढत गेला की मालक फाटकाला कुलूप लावतो आणि सगळ्यांचाच खेळ बंद होतो.

मॅसॅच्युसेट्समधल्या लेस्टर गावचं मेपल हिल पाहा. एमव्हीपी ओपन ही मोठी स्पर्धा इथे भरते आणि जगातले अव्वल खेळाडू येतात. पण ही जमीन ख्रिसमस ट्रीच्या शेतीची आहे. फेअरवेच्या कडेला शोभेसाठी लावलेली वाटतात ती झाडं म्हणजे उभं पीक, नाताळाआधी गिऱ्हाइकं येऊन घेऊन जातात ते. इथे खेळायचे पैसे पडतात आणि ते पडायलाच हवेत, असं मला वाटतं. गवत कापणं, टी दुरुस्त करणं, वादळात पडलेली झाडं हलवणं हे सगळं उद्यानात नगरपालिका करते. इथे ते मालकाच्या खिशातून होतं.

‘अ‍ॅपवर कोर्स दिसतो, म्हणजे तो खुला आहे’ हा त्याहून घातक समज. नकाशावरची खूण फक्त जागा सांगते. काही मालक आधी फोन केला तरच येऊ देतात, काही ठिकाणी शिकारीच्या हंगामात कोर्स बंद असतो, काही कोर्स तर घराच्या परसातलेच असतात. आणि दिलेली परवानगी मालक कधीही मागे घेऊ शकतो. दहा वर्षं खेळलात म्हणून वहिवाटीचा हक्क सांगता येत नाही.

भारतातून अमेरिकेत गेलेल्या आपल्या माणसाला तिथे खास जपून वागावं लागतं. आपण बांधावरून, दुसऱ्याच्या शेतातून सहज जातो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ नुसार फौजदारी अतिक्रमण ठरायला गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू लागतो. टेक्सासमध्ये तसं नाही. मनाईची सूचना असताना नुसतं आत शिरणं हाच गुन्हा, आणि ती सूचना पाटीचीच असेल असंही नाही. झाडाच्या खोडावर जमिनीपासून तीन ते पाच फुटांवर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा दिसला, किमान आठ इंच लांब आणि एक इंच रुंद, तर कायद्याच्या लेखी ती ‘प्रवेश बंद’ची पाटीच आहे. मिसूरीतही हीच पद्धत. तुमची तबकडी कुंपणापलीकडे गेली तर ती तुमचीच राहते, पण शेजाऱ्याची जमीन काही तुमची होत नाही. दार वाजवून विचारावं. नाही म्हणाला तर तबकडी सोडून द्यावी.

फिनलंडचं उदाहरण देऊन काही जण वाद घालतात. तिथे कुणाच्याही रानात हिंडायचा, बोरं-बेरी वेचायचा हक्क सर्वांना आहे, हे खरं. पण त्या हक्कात बास्केट रोवणं, टी बांधणं बसत नाही. त्यासाठी तिथेही जमीनमालकाची संमती लागतेच.

एक गैरसमज मालकांच्या बाजूचा आहे आणि त्यामुळे कित्येक चांगल्या जागा खेळाला मिळत नाहीत. ‘कुणाचा पाय मोडला तर भरपाई मलाच द्यावी लागेल.’ अमेरिकेतल्या सर्व राज्यांत याबाबत कायदे आहेत. करमणुकीसाठी जमीन मोफत खुली करणाऱ्या मालकावर साध्या निष्काळजीपणाची जबाबदारी सहसा येत नाही. धोका माहीत असून मुद्दाम दडवला, बेपर्वाई केली, तर मात्र संरक्षण उरत नाही. शुल्क घेतलं तरी बहुधा ते सुटतं, मग विमा आणि खेळाडूच्या सहीचं जबाबदारीमुक्तीचं पत्र आलं. देणगीची पेटी शुल्कात धरायची की नाही, हे राज्याराज्यांत वेगळं आहे, तेव्हा पेटी ठेवण्याआधी वकिलाला विचारणं शहाणपणाचं.

‘तबकडीनं झाडाला काय होणार?’ पुष्कळ होतं. ड्रायव्हर तबकडी साधारण १७० ग्रॅमची, कडेला धारदार. टीसमोरच्या खोडावर ती रोज आदळते तेव्हा साल फाटते, आणि सालीच्या आतल्या थरातूनच पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जातं. बास्केटभोवती पावलांनी माती घट्ट होते. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं वरच्या फूटभर मातीत असतात, ती गुदमरतात. म्हणून जाणता मालक एका होलला बास्केटच्या दोन-तीन जागा ठेवतो, अधूनमधून बास्केट हलवतो आणि मोक्याच्या खोडांना फळ्या बांधतो. बास्केट हललेली पाहून कुरकुरणाऱ्यांनी जुन्या जागेवरचं उघडं पडलेलं मूळ एकदा बघावं.

‘आड येणारी फांदी मोडली तर बिघडलं काय?’ नियमात बिघडतं. सुटी पडलेली काटकी, पालापाचोळा बाजूला करता येतो. जिवंत फांदी हलवून थ्रोला जागा करता येत नाही, आणि उभं राहतानाही ती कमीत कमी हलेल अशीच जागा घ्यावी लागते. जाणूनबुजून नुकसान केलं तर दोन थ्रोंचा दंड आहे. तो स्पर्धेतला. एरवीच्या खेळात दंड लावणारा कुणी नसतो, आणि मेपल हिलसारख्या ठिकाणी ती फांदी विकाऊ झाडाची असू शकते.

पहिल्यांदा जाताना मालकाला तीन गोष्टी आधी विचाराव्यात: गाडी कुठे लावायची, कुत्रा आणला तर चालेल का, आणि किती वाजेपर्यंत थांबता येईल. फाटक उघडं सापडलं तर उघडं ठेवावं, बंद सापडलं तर मागे बंद करावं. आत गुरं असू शकतात.