मुक्या सोबत्याचा प्रवास

उन्हाळ्याची सुट्टी लागली की जळगाव, भुसावळ, चाळीसगाव या रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची दाटी होते. कोणी आजोळी निघतात, तर कोणी थंड हवेच्या ठिकाणी. ज्या घरी कुत्रा किंवा मांजर पाळलेले असते, त्या घरी मात्र एक प्रश्न उभा राहतो. या सोबत्याची व्यवस्था काय करावी? तहान लागली तरी त्याला पाणी मागता येत नाही आणि जीव घाबरा झाला तरी सांगता येत नाही. त्याच्या वाटचा विचार माणसालाच आधी करावा लागतो.

जनावरांसह प्रवास ही खानदेशास नवी गोष्ट नव्हे. धुळे भागातील ठेलारी मेंढपाळ मेंढ्या, घोडी व कुत्री यांसह चाऱ्याच्या शोधात दूरवर जातात. जनावरांना झेपेल तेवढेच चालावे आणि जेथे पाणी असेल तेथे मुक्काम करावा, हा अशा प्रवासाचा साधा नियम आहे. आगगाडीने किंवा मोटारीने जाणाऱ्यांनीही तो विसरू नये.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा कधी कधी ४५ अंशांच्या वर चढतो. माणसाच्या सर्वांगाला घाम येतो आणि तो वाळताना शरीर थंड होते. कुत्र्याच्या घर्मग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांत असतात. म्हणून तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो. जिभेवरील व तोंडातील ओलाव्याची वाफ होते आणि तिच्याबरोबर अंगातील उष्णता बाहेर पडते. परंतु हवा तापलेली व कोंडलेली असेल, तर हा उपाय थिटा पडतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत कुत्र्याला ठेवल्यास थोड्याच वेळात त्याला उष्माघात होऊन त्याचे प्राणही जाऊ शकतात. तापलेल्या डांबरी रस्त्यावर त्याचे पंजे भाजतात. यासाठी उन्हाळ्यातील प्रवास पहाटे किंवा रात्री करावा.

निघण्यापूर्वी पशुवैद्याकडून प्राण्याची तपासणी करून घ्यावी. रेबीजची लस वेळेवर टोचलेली असावी आणि तिचा दाखला जवळ बाळगावा. रेल्वेच्या शयनयान डब्यात कुत्र्याला नेता येत नाही. वातानुकूलित प्रथम वर्गातील संपूर्ण कक्ष राखून ठेवला, तरच तो धन्याजवळ राहू शकतो. एरवी त्याला गार्डाच्या डब्यातील पेटीत ठेवावे लागते. भर उन्हाळ्यात, दुपारच्या गाडीने असा प्रवास त्याला घडवू नये.

प्राण्यांच्या वाहतुकीसंबंधी भारत सरकारने १९७८ साली नियम केले. त्यांनुसार कुत्र्याला व मांजराला उपाशी किंवा तहानलेले प्रवासास धाडू नये. निघण्यापूर्वी किमान दोन तास त्यांना खाऊपिऊ घालावे. वाटेत कुत्र्याला उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी द्यावे. नेहमीचे भांडे आणि रोजचे अंथरूण बरोबर असले, तर ओळखीच्या वासाने प्राण्याचे मन स्थिर राहते.

मुक्काम कोठे करावयाचा, हेही आधी ठरवावे लागते. सातपुड्यात तोरणमाळसारखे थंड हवेचे ठिकाण आहे आणि जळगाव जिल्ह्यातील यावलचे अभयारण्यही आहे. अभयारण्यात मात्र पाळीव कुत्रा नेऊ नये. त्याच्यापासून वन्य प्राण्यांना रोग होऊ शकतात. आफ्रिकेतील सेरेंगेटी या अरण्यप्रदेशात १९९४ साली एरवी कुत्र्यांत आढळणारा डिस्टेंपर नावाचा रोग पसरला आणि तेथील सुमारे एक तृतीयांश सिंह मरण पावले. आपल्या गीरच्या जंगलातही २०१८ साली या रोगाने सिंहांचा बळी घेतला. कुत्र्याला या रोगाची लस वेळीच टोचून घेतली, तर त्याचेही रक्षण होते आणि इतरांचेही.

प्रत्येक प्राण्याला प्रवास मानवतो असे नाही. मांजराचा जीव बहुधा घराशी बांधलेला असतो. म्हातारा, आजारी किंवा गाडीला भिणारा कुत्राही घरीच अधिक सुखात राहतो. अशा वेळी विश्वासू शेजाऱ्याकडे त्याला सोपवावे. अन्न किती व केव्हा द्यावयाचे आणि पशुवैद्य कोठे भेटेल, हे कागदावर लिहून द्यावे. सोबत नेणे हे प्रेमाचे लक्षण आहे. पण त्याचे हित पाहून त्याला घरी ठेवणे, हेही प्रेमच होय.