कुंडीतला वड (लेखांक ६) : मृगाआधी मुळांना हात लावू नका

मागच्या आठवड्यात फांदीला तार कशी गुंडाळायची ते पाहिलं. आता मुळांकडे वळू.

बोन्सायच्या बहुतेक पुस्तकांत कुंडी बदलायची वेळ दिलेली असते ती वसंताच्या सुरुवातीची. जपानच्या हिशेबानं ती बरोबरच आहे. थंडीत निजलेली झाडं तिथे तेव्हा जागी होतात. आपल्या नागपूरजवळच्या वाडीत मात्र होळी झाली न झाली की ऊन चढतं. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात पानांतून पाणी भराभर उडतं आणि नुकतीच छाटलेली मुळं तेवढं ओढू शकत नाहीत. माझा पहिला वड मी असाच घालवला. मार्चमध्ये मुळं छाटली, एप्रिलमध्ये पानं गळाली. नखानं साल खरवडून पाहिली तर खाली हिरवा पापुद्रा नव्हता, कोरडा तपकिरी रंग होता. तो रंग अजून डोळ्यांसमोर आहे.

म्हणून वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक यांच्यासाठी पंचांग आपलंच धरावं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सरू द्यावा, मृग लागू द्यावा, दोन-तीन चांगल्या सरी पडू द्याव्यात. हवेत दमटपणा आला की ही झाडं मुळांचा तिसरा हिस्सा छाटलेलाही सोसतात. कापल्यावर पांढरा चीक येतो. ओल्या फडक्यानं टिपला की पुरे.

माती बदलताना शेतातली काळी माती वापरायचा मोह टाळा. कापसाला ती सोनं आहे, पण उथळ ट्रेमध्ये ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि त्या भेगांबरोबर कोवळी मुळं तुटतात. विटांचे चाळलेले बारीक तुकडे दोन भाग, कन्हान नदीची जाड रेती एक भाग, मुरलेलं शेणखत एक भाग, एवढं मिश्रण मला पुरतं. विटेची भुकटी मात्र चाळून काढाच, नाहीतर ती खाली बसून पाणी अडवते.

रोप विकतच घ्यायला हवं असं नाही. अमरावती रोडवरच्या गोदामांच्या भिंती पाहा. पाखरांच्या विष्ठेतून पडलेलं बी फटीत रुजतं आणि अडचणीत वाढल्यामुळे त्याच्या बुंध्याला जो पीळ येतो, तो तारेनं आणायला वर्षं लागतात. भिंत फोडतं म्हणून ते झाड उपटलं जाणारच असतं. मालकाला विचारून पहिल्या पावसानंतर हळूच काढा. निवडायची संधी असेल तर मी नांद्रुक घेईन. त्याचं पान लहान, त्यामुळे छोट्या झाडातही प्रमाण साधतं; वडाला त्याच्या रुंद पानामुळे मोठा ट्रे आणि जाड बुंधाच शोभतो.

पाऊस येईपर्यंत एक काम आजच करा. ट्रे तापलेल्या स्लॅबवर थेट ठेवला असेल तर उचला, खाली दोन विटा द्या आणि दुपारपुरती वर हिरवी जाळी बांधा.